विभागाचे वय: एका ऑक्युपेशनल थेरपी विभागाचा इतिहास लिहिताना

बेळगाव परिसरातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे कामातूनच रुग्णाला पुन्हा कामाला लावणाऱ्या उपचाराचा विभाग आहे. त्याचा इतिहास लिहायचे काम निघाले तेव्हा कोणते पेच पडले, काय निर्णय घेतले आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, याची ही नोंद आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची नावे व विभागाची वर्षे दिलेली नाहीत, काही खुणा बदलल्या आहेत. व्यवसायाच्या इतिहासातली नावे आणि सन मात्र खरे आहेत. इतिहास समितीत मी सुरुवातीपासून होते.

पार्श्वभूमी

पदवी अभ्यासक्रमाला मंजुरी मिळाली ते वर्ष स्थापनेचे धरून विभागाचा वर्धापन सोहळा ठरला. त्या निमित्ताने स्मरणिका काढायची आणि तिच्यात विभागाचा दहाएक पानांचा इतिहास द्यायचा, असे विभागप्रमुख मॅडमनी सुचवले. समिती तिघांची: एक ज्येष्ठ थेरपिस्ट सर, ग्रंथालयातले एक कन्नड भाषक सहकारी आणि मी.

हाताशी होते ते एकच पान. मंजुरीचे पत्र, पहिली तुकडी, इमारतीचे उद्घाटन आणि विभागप्रमुखांची यादी. त्या पानावर रुग्ण कुठेच नव्हता. हातापायांनी पुन्हा कामाला लागावे म्हणून जो विभाग उभा राहिला, त्याच्या इतिहासात एकही हात नसावा हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होते.

भारतात या विषयाचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि पुढे फिलाडेल्फियाला जाऊन हा विषय शिकून आल्या. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली. त्याच वर्षी त्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. १९५८ मध्ये नागपूरला दुसरी शाळा निघाली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. नंतर कागद बंगळूरच्या दिशेने जाऊ लागले, रुग्ण मात्र पूर्वीसारखेच मिरजेला आणि मुंबईला जात राहिले. शिकलेले थेरपिस्ट या भागात फार उशिरा आले. मधल्या काळात रुग्णालयांनी आपापल्या परीने भागवले, आणि आमच्याकडचे भागवणे म्हणजे अस्थिरोग वॉर्डामागची पत्र्याची शेड.

शेडमध्ये दोन हातमाग, सुतारकामाचे एक टेबल आणि पायाने चालवायची एक बारीक करवत होती, असे जुने कर्मचारी सांगत. एक सर्जन, एक सिस्टर आणि वडगावचे एक विणकर मिळून ती चालवत. विणकरांना सगळे मास्तर म्हणत. वडगाव, खासबाग, शहापूर हा पट्टा विणकरांचाच, त्यामुळे माणूस शोधायला सर्जनसाहेबांना लांब जावे लागले नसणार. अधूनमधून निपाणीकडचे एक चर्मकार काका येत. ते कातडी पट्ट्या शिवत आणि कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या तळव्याच्या चपला करून देत. पदवी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीपासून हे चालले होते.

अडचण

मग विभागाचे वय किती धरायचे? शेड धरली तर ज्या वर्धापनाची निमंत्रणे छापायला गेली होती, तो केव्हाच होऊन गेलेला. पण तारखेपेक्षा अवघड मुद्दा ज्येष्ठ सरांनी मांडला. ते म्हणाले, "मास्तरांबद्दल मला आदर आहे. पण आज चार रबरी चेंडू घेऊन बसलेला कोणीही स्वतःला थेरपिस्ट म्हणवतो. आपणच लिहिलं की हा विभाग एका विणकरानं सुरू केला, तर उद्या त्याला काय तोंडानं अडवणार?"

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. साडेचार वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांना अजूनही "मसाजवाले काय?" असे विचारले जाते. थेरपिस्ट, तंत्रज्ञ अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्रीय कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. ओळखीसाठी इतकी वर्षे झगडलेल्या व्यवसायाला आपली सुरुवात पदवी नसलेल्या माणसापासून झाली हे सांगायला भीती वाटणे स्वाभाविक आहे.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. शेडमधले सामान स्टोअरच्या मागच्या खोलीत पडून होते आणि निर्लेखनाच्या यादीत चढले होते, म्हणजे लवकरच भंगारात जाणार होते. आणि त्याच सुमारास मास्तरांची वही सापडली.

वही

मास्तर वारले त्याला बरीच वर्षे झाली. आम्ही वडगावला त्यांच्या घरी गेलो तो केवळ एखादा फोटो मिळतो का बघायला. त्यांच्या सूनबाईंनी चहा ठेवला आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. "मामंजींनी टाकू नगा म्हटलं होतं. दवाखान्याचं हाय म्हणून ठेवलंय बघा," असे म्हणत त्यांनी जाड पुठ्ठ्याची हजेरी-वही आमच्या हातात दिली.

वहीत तारीख, नाव, गाव, कोणता हात, काय काम दिले आणि शेवटी शेरा. बहुतेक पाने मराठीत, काही कन्नडमध्ये; आलेला रुग्ण ज्या भाषेत बोले त्या भाषेत मास्तर लिहीत असावेत. शेरे एकेका ओळीचे. "धोटा फेकताना बोटे उघडली." "दमला, उद्या कमी." "जाड सूत दिले." एका मुलाच्या नावापुढे काही दिवसांच्या अंतराने तोच शेरा पुन्हा पुन्हा येतो: "मुठीवरचे फडके एक पदर काढले."

ही ओळ वाचून ज्येष्ठ सर थांबले आणि त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. बोटे पुरती मिटत नसतील तर अवजाराची मूठ कापड गुंडाळून जाड करायची आणि पकड सुधारेल तशी ती बारीक करत न्यायची, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. कामाची पायरी चढवत नेणे हा या उपचाराचा कणा आहे. मागावर सूत ठोकायची फणीची चौकट अंगाकडे ओढताना कोपर वाकते, आडवे सूत नेणारा धोटा फेकताना मनगट आणि बोटे सुटतात, पायाखालची पावडी दाबताना घोटा हलतो. चौकटीला कप्पीवरून वजनाची पिशवी बांधली की तेच काम खांद्याचा व्यायाम होते. मास्तरांना हे सर्जनसाहेबांनी सांगितले की त्यांनी मागावर बसून स्वतःच ताडले, ते वहीतून कळत नाही. पण रोज केले जात होते, हे कळते.

कुष्ठरुग्णांच्या नोंदींपुढे वेगळाच शेरा आहे: "काम झाल्यावर तळहात बघितला." संवेदना गेलेल्या हाताला फोड आलेला रुग्णाला समजत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर स्नायुबंध एका जागेवरून दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि अशा हाताला पुढे पुन्हा शिकवावे लागते हे तिथूनच देशभर पोचले. त्या ज्ञानाचे एक टोक वडगावच्या या वहीत होते. मला वही वाचताना जो आनंद झाला तो लपवायचे कारण नाही.

वहीतली सगळीच पाने मात्र अशी नाहीत. एका रुग्णाचे नाव कित्येक महिने येत राहते आणि शेऱ्याच्या जागी फक्त विणलेल्या फडक्यांची संख्या आहे. ही फडकी रुग्णालयातच वापरली जात, असे निवृत्त सिस्टरांनी सांगितले. हा उपचार होता की बिनपगारी काम? त्या माणसाला घरी जायला जागा नव्हती म्हणून तो राहिला असेल, किंवा त्याचे विणणे सोयीचे होते म्हणून ठेवला गेला असेल. सिस्टरांना आठवत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. आहे ते पान नीट टंकून, फोटो घालून छापायचे. निमंत्रणाची तारीख पाळली जाईल आणि वाद होणार नाही. व्यवस्थापनाचा कल इकडेच होता.

दुसरा पर्याय ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांनी मांडला: स्मरणिकेत इतिहास देऊच नये, दोन-तीन वर्षे घेऊन खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या जुन्या रुग्णांना भेटून स्वतंत्र पुस्तक करावे. अभ्यास म्हणून हाच उत्तम होता. पण आमच्या संस्थांत सोहळा झाला की पैसे आणि सवड दोन्ही संपतात, आणि सिस्टरांचे वय बघता दोन वर्षे थांबणे परवडणारे नव्हते.

तिसरा म्हणजे मधला. स्थापनेचे अधिकृत वर्ष तसेच ठेवायचे, पण इतिहासाची सुरुवात शेडपासून करायची आणि जे ठरत नाही ते ठरत नाही असे छापायचे. शेवटी हा स्वीकारला, पण त्याआधी तीन ठिकाणी खरी घासाघीस झाली.

पहिला निर्णय: सुरुवात कोणाची?

चर्चेत १९१७ सालचा दाखला निघाला. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथे जमलेल्यांत जॉर्ज बार्टन आणि थॉमस किडनर हे वास्तुविशारद, विल्यम डंटन हे मनोविकारतज्ज्ञ, सुझन जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका, एलिनॉर क्लार्क स्लॅगल या समाजकार्यातून आलेल्या आणि इझाबेल न्यूटन या बार्टन यांच्या सचिव. ऑक्युपेशनल थेरपिस्टची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. हस्तकलेची शिक्षिका संस्थापक ठरू शकते, तर आमचे मास्तर का नाहीत, असे मी विचारले.

सरांचे उत्तरही तितकेच नेमके होते. त्या मंडळींनी लगोलग प्रशिक्षणाची व्यवस्था उभी केली; स्लॅगल यांनी शिकागोत शाळा चालवली. आमची शेड पुढचा माणूस तयार करू शकली नाही. मास्तर निवृत्त झाले आणि शेडला कुलूप लागले. विभाग म्हणजे मागच्याकडून पुढच्याकडे जाणारे शिक्षण, आणि ते पदवीपासूनच सुरू झाले.

हे मला पटले. त्यामुळे मुखपृष्ठावर अधिकृत वर्ष राहिले. पहिले प्रकरण "विभागाआधीचे काम" या मथळ्याने शेडवर गेले आणि त्यात मास्तर, सिस्टर व चर्मकार काका यांची नावे त्यांच्या किंवा घरच्यांच्या परवानगीने दिली. मास्तरांना थेरपिस्ट म्हटलेले नाही. त्यांनी काय केले ते त्यांच्याच शेऱ्यांतून दाखवले आहे.

दुसरा निर्णय: रुग्णांची नावे

वहीत नाव आणि गाव दोन्ही आहे. पोलिओ झालेल्या मुलाचे नाव छापले तर फार बिघडणार नाही, असे एकाचे मत पडले. पण त्याच पानावर खालच्या ओळीत कुष्ठरुग्ण आहे. त्याची नातवंडे आज लग्नाच्या वयाची असतील, आणि आपल्याकडे खेड्यात घराण्याचे नाव किती काळ चघळले जाते ते सांगायला नको. म्हणून सरसकट एकही नाव न देण्याचे ठरले. तालुका, हात आणि दिलेले काम एवढेच छापले. पानांच्या छायाचित्रांत नावांवर पट्टी लावली. मूळ वही सूनबाईंना परत केली, प्रत विभागात कुलुपात ठेवली.

फडक्यांच्या पानांवर सर्वांत जास्त वेळ गेला. ती गाळावीत, संस्थेची बदनामी होईल, असे व्यवस्थापनाने सुचवले. समितीत मात्र तिघांचेही एकमत होते. मूठ बारीक करत नेणारी पाने दाखवायची आणि ही झाकायची, तर वहीवर विश्वास का ठेवायचा? मॅडमनी व्यवस्थापनाची समजूत घातली आणि एक परिच्छेद छापला गेला: नोंदी अशा आहेत, त्यांचा अर्थ आम्हाला निश्चित करता आलेला नाही.

तिसरा निर्णय: मागांचे काय?

माग स्टोअरमध्ये गेले कसे, हा प्रश्न निघाल्यावर सरांनी सांगितले की ते त्यांच्याच सहीने गेले. तो प्रसंग त्यांनी मोकळेपणाने सांगितला आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले ते सर्वांत मोलाचे पान आहे.

पदवी घेऊन आलेली पहिली पिढी सांध्यांचे कोन मोजत होती, स्नायूंच्या ताकदीचे तक्ते भरत होती. तपासणी पथकाला उपकरणांची यादी लागे आणि माग तिच्यात बसत नव्हता. विणकाम-वेतकाम म्हणजे मागासलेपण, असा समज तेव्हा होता. हे जगभर घडले. अमेरिकेत याच व्यवसायातल्या मेरी रायली यांनी १९६१ च्या भाषणातच बजावले होते की माणसाचे हात, मन आणि आरोग्य यांचा संबंध हाच या व्यवसायाचा मूळ विचार आहे, तो हातचा जाऊ देऊ नका. आमच्याकडे तो फेरा काही दशकांनी आला.

पण सरांनी दिलेले दुसरे कारण अधिक वजनदार होते. रुग्णच बदलले होते. शेडच्या काळात पोलिओची मुले आणि कुष्ठरुग्ण जास्त. पुढे पोलिओ ओसरत गेला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या जागी उद्यमबागच्या फाउंड्रीत आणि प्रेसवर बोटे गेलेले कामगार, कडबाकुट्टीत हात सापडलेले शेतकरी, उसाच्या चरकातले अपघात आणि पक्षाघाताचे रुग्ण येऊ लागले. एका टर्नरने, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या कामगाराने, सरांना तोंडावर सांगितले होते, "साहेब, मला लुगडं विणायचं नाही. मला लेथवर परत उभं राहायचंय." वडगावच्या माणसाला माग म्हणजे घरचे काम होते. त्या टर्नरला ते परके होते. त्याच्यासाठी नट-बोल्ट, स्पॅनर आणि लेथच्या चाकासारखी मूठ हवी होती, आणि ती विभागाने पुढे करवून घेतली.

म्हणजे माग हलवण्यात चुकीचा समज होता आणि योग्य जाणही होती. इतिहासात दोन्ही लिहिले. सरांनी आपल्या सहीचा कागद स्वतः शोधून छापायला दिला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

प्रत्यक्ष मागांबाबत आम्ही निर्लेखन यादीतून ते वगळावेत असे पत्र दिले. पत्र टेबलाटेबलांवरून फिरेपर्यंत एक माग आणि पायाची करवत भंगारात गेली होती. उरलेल्या मागाच्या एका खांबाला वाळवी होती, पण कप्पीचा आकडा शाबूत होता. त्याला काचेत ठेवायचे की वापरात आणायचे? मॅडमना वापर हवा होता. जागा, सूत आणि शिकवणारा माणूस, तिन्हींची पंचाईत झाली. सध्या तो विभागाच्या दारात उभा आहे. नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात त्याच्यावर बसवून कोणत्या हालचालीत कोणता सांधा वापरला जातो ते दाखवतात. रुग्णांसाठी तो वापरला जात नाही.

परिणाम

स्मरणिका वेळेवर निघाली. शेडचे प्रकरण लोकांनी सर्वांत जास्त वाचले. संस्थेच्या अधिकृत माहितीपत्रकात मात्र अजून जुनेच एक पान आहे. समितीचा मजकूर तिथे घेतला गेलेला नाही. कन्नड आवृत्तीचे भाषांतर तयार आहे, छपाईला पैसे मंजूर झालेले नाहीत. सीमाभागात एकाच वॉर्डात दोन्ही भाषांचे रुग्ण शेजारी शेजारी झोपतात, तेव्हा हे अर्धेच काम झाले आहे असे माझे मत आहे.

विभागाच्या रोजच्या कामात एक बदल झाला. तपासणीच्या कागदावर सांध्यांच्या कोनांआधी आता एक ओळ आहे: रुग्णाला कोणत्या कामावर परत जायचे आहे. पूर्वी ही माहिती तिसऱ्या पानावर, आणि पुष्कळदा कोरी असे.

पुन्हा करायचे झाले तर

कामाचा क्रम वेगळा हवा. आधी स्टोअर आणि निर्लेखन यादी, मग मुलाखती. माणसे काही आठवडे थांबू शकतात, लिलाव थांबत नाही. इतिहासाची मुदत सोहळ्याच्या तारखेला बांधू नये. निदान समितीला स्मरणिकेनंतर वर्षभर काम चालू ठेवण्याचा लेखी आदेश आधीच घ्यावा. वही, फोटो, ध्वनिमुद्रण यांसाठी परवानगीचा साधा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये पहिल्याच भेटीत बरोबर असावा.

सर्वांत मोठी उणीव मुलाखतींची होती. आम्ही कर्मचाऱ्यांना भेटलो, रुग्णांना जवळजवळ नाही. स्मरणिका निघाल्यावर खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ ती हातात घेऊन आले. लहानपणी पोलिओ झालेल्या हातासाठी ते शेडमध्ये येत असत. पावसाळ्यात शेड बंद असे, असे आम्ही सिस्टरांच्या आठवणीवरून छापले होते. ते म्हणाले, बंद नसे. पत्रा गळायचा म्हणून मास्तर मुलांना वॉर्डाच्या व्हरांड्यात घेऊन बसत आणि कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला लावत. वही पुन्हा उघडली तर पावसाळ्याच्या महिन्यांत "कांडी" हा शेरा ओळीने होता. त्याचा अर्थ आमच्यापैकी कोणी लावला नव्हता. शिल्लक प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे, आणि त्या गृहस्थांनी आपल्याबरोबरच्या आणखी काही जणांचे पत्ते दिले आहेत. अंतिम वर्षाची मुले या सुट्टीत त्यांना भेटायला जाणार आहेत.